एमपी३ प्लेयरची संगणक-जोडणी आणि दोषनिवारण

एमपी३ प्लेयर हे संगीत व अन्य ध्वनिमुद्रणे अंकीय स्वरूपात साठवून ऐकवणारे, खिशात मावणारे उपकरण होय. त्यात गाणी भरण्यासाठी किंवा त्यातील मुद्रणे बाहेर काढण्यासाठी ते सहसा यूएसबी केबलने संगणकाला जोडतात. जोडणी करूनही संगणकाच्या पडद्यावर प्लेयर दिसत नसेल, तर संगणकाने तो ‘ओळखला नाही’ असे म्हटले जाते. हा दोष केबल, यूएसबी पोर्ट, प्लेयरची बॅटरी, प्लेयरमधील सेटिंग, संगणकातील चालक आज्ञावली किंवा प्लेयरमधील स्मृतिकोशाची रचना यांपैकी कोठेही असू शकतो.

प्लेयर ओळखला न जाणे म्हणजे त्यातील ध्वनिमुद्रणे नष्ट होणे नव्हे. बहुतेक वेळा ती जागेवर सुरक्षित असतात आणि मूळ दोषापेक्षा घाईने केलेल्या फॉरमॅटमुळेच त्यांना अधिक धोका पोहोचतो. म्हणून दोषनिवारणाच्या पायऱ्या अशा क्रमाने घेतात की, ज्यांनी काहीच पुसले जात नाही त्या आधी आणि ज्यांनी विदा पुसली जाऊ शकते त्या सर्वांत शेवटी.

पार्श्वभूमी

संगीत बरोबर घेऊन फिरण्याची सवय जगभर रुजवली ती कॅसेटवर चालणाऱ्या वॉकमनने. जपानच्या सोनी कंपनीने तो १ जुलै १९७९ रोजी बाजारात आणला. वॉकमनला संगणकाची गरज नव्हती. कॅसेट बदलली की गाणी बदलत. एमपी३ प्लेयरमध्ये मात्र गाणी आतल्या स्मृतिकोशात असतात, त्यामुळे ती बदलण्यासाठी संगणकाशी जोडणी आवश्यक ठरली.

एमपी३ ही ध्वनी संक्षेपित करण्याची पद्धत प्रामुख्याने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाली. तिच्या फाइलींना ‘एमपी३’ हे नाव १९९५ मध्ये मिळाले. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आणि अमेरिकेतील डायमंड कंपनीचा ‘रिओ पीएमपी३००’ हे प्लेयर आले. रिओची क्षमता ३२ मेगाबाइट होती, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचे संगीत त्यात मावे. तो संगणकाच्या प्रिंटरसाठी असलेल्या समांतर पोर्टला जोडावा लागे. २००१ मध्ये आलेला ॲपल कंपनीचा पहिला आयपॉड फायरवायर या वेगळ्या पद्धतीने जोडला जात असे.

पुढे या सर्व पद्धतींची जागा यूएसबीने घेतली. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये व वेगवान दुसरी आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ती विकसित करणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. एकाच आकाराच्या पोर्टला कोणतेही उपकरण जोडता यावे, हा यूएसबीचा हेतू होता. बाहेरून सारखी दिसणारी जोडणी आतून मात्र वेगवेगळ्या रीतींनी चालते आणि ‘केबल तर बसली, पण प्लेयर दिसत नाही’ ही अडचण अनेकदा त्यातूनच उद्भवते.

स्मार्टफोनच्या प्रसारानंतर स्वतंत्र प्लेयरचा वापर घटला. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबवले. तरीही मेमरी कार्डवर चालणारे स्वस्त प्लेयर, आवाज मुद्रित करणारे व्हॉइस रेकॉर्डर आणि पेनड्राइव्ह लावता येणारे स्पीकर वापरात आहेत. पुढील माहिती मोठ्या प्रमाणात त्यांनाही लागू पडते.

सातारा व सांगली परिसरातील महत्त्व

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना गायन-वादनाची व लोककलेची दीर्घ परंपरा आहे. मिरज हे सतार व तंबोरा यांच्या निर्मितीचे जुने केंद्र असून तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालगंधर्व यांचे जन्मगाव नागठाणे, पठ्ठे बापूराव यांचे रेठरे हरणाक्ष आणि अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव ही गावे सांगली जिल्ह्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील औंध तेथील संगीत महोत्सवासाठी परिचित आहे. संत ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपूरला जाताना लोणंद, तरडगाव, फलटण आणि बरड येथे मुक्काम करते.

अशा परिसरात प्लेयरमध्ये केवळ विकत मिळणारी गाणी नसतात. गुरूंनी शिकवलेली बंदीश, भजनी मंडळाचा सप्ताह, गावच्या जत्रेतील गोंधळ, घरातील वृद्ध स्त्रीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असे घरगुती मुद्रणही प्लेयरच्या आतल्या मायक्रोफोनवर केले जाते. विकत घेतलेले गाणे पुन्हा मिळू शकते. अशा मुद्रणाची दुसरी प्रत मात्र बहुधा नसते, आणि म्हातारा आवाज पुन्हा मुद्रित करण्याची संधीही नेहमी उरलेली नसते.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफनही तेथेच करण्यात आले. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे. तबकडीच्या पुष्कळ प्रती निघत, त्यामुळे एक फुटली तरी दुसरी कोणाच्या तरी संग्रहात उरे. एकाच प्लेयरमध्ये असलेल्या मुद्रणाला हे संरक्षण नसते. म्हणून संगणकाला प्लेयर दिसेनासा झाल्यावर यंत्र दुरुस्त करणे हे दुय्यम काम ठरते. त्याआधी आतील मुद्रण सुखरूप बाहेर काढणे महत्त्वाचे असते.

संगणक प्लेयर कसा ओळखतो

यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या केबलमध्ये मुख्यतः चार तारा असतात. दोन तारा ५ व्होल्टचा वीजपुरवठा करतात आणि उरलेल्या दोन विदा वाहून नेतात. जोडणी झाल्यावर पुढील घटना काही क्षणांत घडतात.

१. प्लेयरला वीज मिळते व तो विदेच्या एका तारेवरील विद्युतदाब वाढवतो. ‘कोणीतरी आले आहे’ हे संगणकाला त्यावरून समजते.

२. संगणक प्लेयरला ‘तू कोण?’ असे विचारतो. प्लेयर आपल्या उत्पादकाचा क्रमांक, आपल्या नमुन्याचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगतो. संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो.

३. त्या ओळखीनुसार संगणक योग्य चालक आज्ञावली निवडतो.

४. आज्ञावली प्लेयरमधील फाइलींची मांडणी वाचते आणि त्या पडद्यावर दाखवते.

यांतील कोणत्याही पायरीवर अडथळा आला, तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने निष्पत्ती एकच असते: प्लेयर दिसत नाही. कोणत्या पायरीवर काम अडले हे शोधणे म्हणजेच दोषनिदान.

प्लेयर स्वतःची ओळख दोन प्रमुख रीतींनी करून देतो. पहिल्या रीतीत तो पेनड्राइव्हसारखा साठवणुकीचा कोश म्हणून पुढे येतो. तिला एमएससी म्हणतात. दुसरी एमटीपी ही रीत मायक्रोसॉफ्टने आणली. तीत स्मृतिकोशाचा ताबा प्लेयरकडेच राहतो आणि संगणक त्याच्याकडे एकेक फाइल मागतो. एमएससी रीत बहुतेक सर्व संगणकांना समजते. एमटीपीसाठी मात्र विंडोज एक्सपीवर विंडोज मीडिया प्लेयरची दहावी किंवा त्यानंतरची आवृत्ती लागे. विंडोजच्या नावापुढे ‘एन’ हे अक्षर असलेल्या आवृत्त्यांत माध्यमविषयक भाग वेगळा बसवावा लागतो, तर ॲपलच्या मॅक संगणकांवर एमटीपीसाठी वेगळी आज्ञावली लागते. त्यामुळे एका घरी चालणारा प्लेयर शेजारच्या घरी दिसत नाही, हे दोन्ही यंत्रे धडधाकट असतानाही घडू शकते.

लक्षणांवरून दोषाचे स्थान

प्लेयरवर चार्जिंगचे चिन्हही उमटत नाही आणि संगणकही आवाज करत नाही: केबल तुटलेली, पोर्ट बंद, किंवा बॅटरी पूर्ण उतरलेली असण्याची शक्यता अधिक असते.

चार्जिंग सुरू होते, पण संगणकाला प्लेयरचा पत्ता नसतो: केबल केवळ चार्जिंगची असते, विदेच्या पिनांवर गंज असतो, किंवा प्लेयरमधील यूएसबी सेटिंग ‘फक्त चार्जिंग’ असे असते.

संगणक आवाज करतो आणि ‘अननोन डिव्हाइस’ असे दाखवतो: ओळख विचारली गेली, पण उत्तर नीट आले नाही. सैल पिन, खराब केबल, अपुरी वीज किंवा प्लेयरची अडकून बसलेली आज्ञावली ही याची कारणे असतात.

प्लेयरचे नाव दिसते, पण शेजारी पिवळे चिन्ह असते: चालक आज्ञावली नाही किंवा बिघडली आहे.

नाव दिसते, पिवळे चिन्हही नसते, पण उघडण्यासाठी ड्राइव्ह दिसत नाही: ड्राइव्हला अक्षर मिळालेले नसते, किंवा प्लेयर एमटीपी रीतीत असून संगणकाला ती समजत नाही.

ड्राइव्ह दिसतो, पण संगणक फॉरमॅट करण्यास सुचवतो: जोडणी ठीक आहे; फाइलींची मांडणी वाचता येत नाही.

ड्राइव्ह उघडतो, पण रिकामा दिसतो: फाइली लपवल्या गेल्या आहेत, किंवा प्लेयरची अंतर्गत स्मृती व मेमरी कार्ड यांपैकी भलताच ड्राइव्ह उघडला आहे.

प्लेयर दर काही सेकंदांनी जोडला जातो व तुटतो: पोर्ट किंवा पिन सैल आहे.

तपासणीचा क्रम

दोषनिदानाचा मूलभूत नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि संगणक एकदम बदलले आणि प्लेयर दिसू लागला, तर दोष नेमका कोठे होता ते कळत नाही व तो पुन्हा उद्भवतो.

केबल आणि पोर्ट

सर्वप्रथम केबल बदलून पाहावी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत फक्त विजेच्या दोन तारा असतात. अशा केबलीने प्लेयर चार्ज होतो, परंतु संगणकाशी बोलू शकत नाही. जिच्यातून दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या फाइली खात्रीने उतरल्या आहेत, अशीच केबल चाचणीसाठी घ्यावी. काही प्लेयरना खास केबल लागते. सोनीच्या अनेक वॉकमन प्लेयरचे पोर्ट वेगळ्या आकाराचे आहे, तर आयपॉड शफलच्या दुसऱ्या व त्यानंतरच्या पिढ्यांत विदा हेडफोनच्या छिद्रातूनच जाते. अशा ठिकाणी साधी केबल चालत नाही.

त्यानंतर पोर्ट बदलावा. टेबलावरील संगणकाच्या पुढील पोर्टांपेक्षा मागील पोर्ट अधिक भरवशाचे असतात, कारण ते थेट मुख्य फलकावर असतात. एका पोर्टाचे चार करणारा हब वापरात असेल, तर तो काढून प्लेयर थेट जोडावा. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत संगणकाचा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देऊ शकतो, तर स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब प्रत्येक उपकरणाला १०० मिलिअँपिअरच देतो. बॅटरी उतरलेल्या प्लेयरला तेवढी पुरत नाही.

प्लेयर

बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर प्लेयर भिंतीवरील चार्जरला अर्धा तास लावून मग संगणकाला जोडावा. बरेच दिवस पेटीत पडून राहिलेला प्लेयर लगेच जागा होत नाही. ‘होल्ड’ हे बटण बंद आहे ना, हे पाहावे. सेटिंगमध्ये यूएसबीचा पर्याय असल्यास एमटीपीऐवजी एमएससी निवडावे. सॅनडिस्कच्या अनेक ‘सान्सा’ प्लेयरमध्ये हा पर्याय आहे. एमटीपी रीतीत भरलेल्या फाइली काही प्लेयर एमएससी रीतीत दाखवत नाहीत. अशा वेळी त्या पुसल्या गेल्या असे न समजता पुन्हा पहिली रीत निवडून पाहावी.

यानंतर प्लेयर पुन्हा सुरू करावा. बऱ्याच प्लेयरमध्ये चालू-बंद बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे लागते, तर काहींना मागील बाजूस टाचणी जाईल एवढे छिद्र असते. चक्राकार बटणाच्या आयपॉडवर ‘मेन्यू’ आणि मधले बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबतात. अशा प्रकारे पुन्हा सुरू केल्याने गाणी पुसली जात नाहीत. ‘फॅक्टरी रीसेट’ किंवा ‘रिस्टोअर’ हा पर्याय मात्र यापेक्षा वेगळा असून तो सर्व काही पुसून टाकू शकतो. या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्याने मुद्रणे कायमची जातात.

प्लेयरमध्ये मायक्रो एसडी कार्ड असेल, तर प्लेयर बंद करून ते काढावे व कार्ड रीडरने वाचून पाहावे. मुद्रण कार्डावर असल्यास प्लेयर पूर्ण निकामी झाला तरी ते हाती लागते.

संगणक

तोच प्लेयर त्याच केबलीने दुसऱ्या संगणकावर दिसला, तर दोष पहिल्या संगणकात आहे. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून प्लेयर जोडावा व काढावा. यादीत होणारा बदल पाहून संगणकाला त्याची चाहूल लागते की नाही, ते समजते. नोंदीवर उजवी कळ दाबून गुणधर्म उघडल्यास दोषाचा क्रमांक दिसतो. क्रमांक २८ म्हणजे चालक आज्ञावली बसवलेली नाही. क्रमांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. क्रमांक ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. या तिन्ही वेळी ती नोंद ‘अनइन्स्टॉल’ करून, प्लेयर काढून, संगणक पुन्हा सुरू करावा व मग प्लेयर जोडावा. विंडोज चालक आज्ञावली नव्याने बसवते. यात फक्त संगणकातील नोंद जाते, प्लेयरमधील गाणी जात नाहीत.

पिवळे चिन्ह नसूनही ड्राइव्ह दिसत नसेल, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे प्लेयरचा कोश दिसत असून त्याला अक्षर नसेल, तर ते द्यावे. कार्यालयातील किंवा शाळेतील संगणकावर जाळ्यातील ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेले असते, तेव्हा ही अडचण येते. याच खिडकीत फॉरमॅट करण्याचा व विभाग पुसण्याचा पर्यायही असतो. तो चुकून निवडला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

लिनक्स संगणकावर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी देते. विंडोजने न ओळखलेला प्लेयर या यादीत दिसला, तर पिना व केबल ठीक असल्याचा तो चांगला पुरावा असतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवता येत असल्याने ही चाचणी संगणकातील मूळ प्रणालीला धक्का न लावता होते.

फॉरमॅटची सूचना

‘ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ ही सूचना आल्यास ती रद्द करावी. ‘या कोशाची मांडणी मला वाचता येत नाही’ एवढाच तिचा अर्थ असतो. त्याला कारणही निरुपद्रवी असू शकते. उदाहरणार्थ, मॅक संगणकावर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही आणि विंडोज तो फॉरमॅट करू पाहते. तोच आयपॉड मॅकवर सर्व गाण्यांसह उघडतो.

मांडणी खरोखरच बिघडली असेल, तर आधी कोशाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर उतरवावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली हे काम करते. वाचता न येणारा भाग बाजूला ठेवून ती आधी उरलेला उतरवून घेते. त्यानंतर ‘टेस्टडिस्क’ बिघडलेली मांडणी दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते, तर ‘फोटोरेक’ मांडणीकडे दुर्लक्ष करून फाइलींच्या आतील खुणांवरून त्या शोधून काढते. नावाप्रमाणे ती छायाचित्रांपुरती मर्यादित नसून एमपी३ व अन्य ध्वनिफाइलीही परत मिळवते, मात्र फाइलींची मूळ नावे जातात. या आज्ञावली विनामूल्य आहेत. प्लेयर एमटीपी रीतीत असताना अशी प्रतिमा घेता येत नाही. त्यासाठी तो एमएससी रीतीत आणावा लागतो. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ मांडणी दुरुस्त करताना कोशावर लिहिते, म्हणून ती प्रतिमा घेतल्यावरच वापरावी.

परत मिळवलेल्या फाइली त्याच प्लेयरवर उतरवू नयेत. पुसल्या गेलेल्या फाइलीची जागा नव्या फाइलीने व्यापली की जुनी परत मिळत नाही. याच कारणाने मुद्रण हरवल्याचे लक्षात येताच त्या प्लेयरवर नवे मुद्रण करणे थांबवावे.

आयपॉडच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. आयपॉड नव्या संगणकावरील आयट्यून्सशी जोडल्यास आधीची गाणी पुसून नवी भरण्याविषयी विचारणा होते. ती स्वीकारू नये. आयपॉडमधील गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांच्या नावांनी ठेवलेली असतात. ती साध्या फाइलींप्रमाणे बाहेर काढता येतात व त्यांतील अंतर्गत माहितीवरून गाण्याचे नाव कळते.

लपलेल्या फाइली व संगणक विषाणू

सायबर कॅफेत किंवा मोबाइलच्या दुकानात गाणी भरून घेण्याच्या काळात पेनड्राइव्ह व प्लेयर यांतून विषाणूंचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. एका प्रकारचा विषाणू मूळ फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. वापरणाऱ्याला गाणी नाहीशी झाल्यासारखे वाटते, परंतु भरलेली जागा तपासली असता ती तेवढीच दिसते. अशा वेळी शॉर्टकट न उघडता विषाणूरोधक आज्ञावली चालवावी, लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि मुद्रणे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. यूएसबी उपकरण जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप सुरू होण्याची सोय विंडोज ७ पासून बंद करण्यात आली. जुन्या संगणकांवर हा धोका अजूनही आहे.

पाणी, धूळ आणि वीज

सातारा व सांगली या जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हवामान झपाट्याने बदलते. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी आणि जत हे पूर्वेकडील तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. पश्चिम भागात ओलसर हवेमुळे पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तर पूर्व भागात पोर्टात धूळ दाटते. दोन्ही वेळी वीज वाहते, पण विदेची देवाणघेवाण अडते. पोर्टातील धूळ प्लेयर बंद ठेवून मऊ, कोरड्या ब्रशने काढावी. गंजावर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. सुई किंवा टाचणी पोर्टात घालू नये, कारण पिना वाकतात व एकमेकींना टेकतात. पावसाळ्यात प्लेयर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास गंज कमी होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यापूर्वी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही पूर आला. पुराच्या पाण्यात भिजलेला प्लेयर ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी लगेच सुरू करू नये किंवा चार्जरला लावू नये. ओलसर फलकातून वीज वाहिली की धातूची झीज वेगाने होते. स्मृतिकोश म्हणून वापरली जाणारी चकती मात्र वीज न मिळाल्यास बऱ्याचदा शाबूत राहते. भिजलेल्या प्लेयरमधील कार्ड काढून स्वच्छ पाण्याने पुसावे व पूर्ण वाळवून वाचावे. अंतर्गत स्मृती असलेला प्लेयर जाणकार दुरुस्तीकाराकडून उघडून, बॅटरी वेगळी करून, फलक स्वच्छ करून घ्यावा. तांदळात पुरून ठेवल्याने आतील गाळ निघत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये. तिला आग लागू शकते.

विजेचा खंड हेही बिघाडाचे एक कारण आहे. फाइल उतरत असतानाच वीज गेली, तर मांडणीची नोंद अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी संगणक फॉरमॅटची मागणी करतो. ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनाच्या वर्षांत टेबलावरील संगणकांवर हा प्रसंग वारंवार येई. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवरून किंवा यूपीएसला जोडलेल्या संगणकावरून फाइली उतरवल्यास तो टळतो. काम झाल्यावर केबल एकदम न ओढता ‘इजेक्ट’ हा पर्याय वापरण्यामागेही हेच कारण आहे. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी शेवटच्या नोंदी कोशावर लिहिल्या जायच्या राहिलेल्या असू शकतात.

ओळख पटल्यानंतरच्या अडचणी

संगणकाने प्लेयर ओळखला व गाणी भरली गेली, तरी प्लेयरवर ती दिसत नाहीत किंवा नावांच्या जागी चौकटी व प्रश्नचिन्हे दिसतात. जुन्या व स्वस्त प्लेयरमध्ये देवनागरी अक्षरे दाखवण्याची सोय नसते. फाइल बिघडलेली नसते. अशा प्लेयरसाठी फाइलीचे नाव व तिच्यातील गाण्याची माहिती रोमन लिपीत ठेवतात. मूळ देवनागरी नावांची प्रत संगणकावर राखणे मात्र श्रेयस्कर असते, कारण कोणी, कोठे व कधी गायले हे कळण्याचा तोच आधार उरतो.

प्लेयरला न समजणाऱ्या प्रकारची ध्वनिफाइल असल्यासही ती यादीत येत नाही. मोठा कोश विंडोजमध्ये एनटीएफएस मांडणीत फॉरमॅट केल्यास कित्येक प्लेयर तो वाचू शकत नाहीत; त्यांना फॅट३२ मांडणी लागते. या मांडणीत एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटपर्यंतच असू शकतो.

काही स्वस्त प्लेयर व कार्डे प्रत्यक्षाहून मोठी क्षमता दाखवतात. खरी जागा भरल्यावर नवी गाणी जुन्या गाण्यांवर लिहिली जातात आणि फाइली दिसतात पण वाजत नाहीत. अशा कोशावर महत्त्वाचे काहीही ठेवू नये.

जतन

प्लेयर हे ऐकण्याचे व मुद्रणाचे साधन आहे, संग्रहाचे नव्हे. त्यातील स्मृतिकोशाला लेखनाची मर्यादा असते, बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि जुन्या पद्धतीची केबल कालांतराने मिळेनाशी होते. पुन्हा न मिळणारे मुद्रण केल्यावर ते त्याच दिवशी संगणकावर उतरवावे, आणखी एक प्रत वेगळ्या साधनावर ठेवावी आणि शक्य असल्यास तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे किंवा आंतरजालावरील साठवणुकीत असावी. नदीकाठच्या गावांत सर्व प्रती एकाच घरात ठेवल्यास पुरात त्या एकदमच जातात.

फाइलीच्या नावात गायक, गाव आणि दिनांक यांची नोंद करावी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐकावी. ज्या मुद्रणाच्या अशा प्रती आहेत, त्याच्या बाबतीत प्लेयर संगणकाला न दिसणे ही केवळ एका यंत्राच्या दुरुस्तीची बाब उरते.

हे सुद्धा पहा

यूएसबी
एमपी३
वॉकमन
आयपॉड
मेमरी कार्ड
संगणक विषाणू
मिरज
अब्दुल करीम खाँ